साडेसात सेकंदांचा पुरावा

चक्कीचे फेरे मोजायला गेलो आणि ट्यूबलाइट मोजून आलो. एकदा नव्हे, तीनदा. आणि त्या आकड्याच्या जोरावर एका सरळ माणसाला बनारसमध्ये दूधविनायकपासून मंगला गौरीपर्यंतच्या सगळ्या मराठी घरांत लबाड ठरवलं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी तेव्हा बनारसमध्येच एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होतो. तंत्रज्ञ म्हणजे विद्यार्थ्यांनी जाळलेली उपकरणं दुरुस्त करणारा माणूस. गल्लीत मात्र मला 'मास्टर साहब' म्हणत आणि मी ती चूक कधी दुरुस्त केली नाही. त्या वर्षी दिल्लीहून येणाऱ्या एका सहकाऱ्याकरवी मी एक मायक्रोकंट्रोलर मागवला होता. बोटाएवढी काळी चिप, पाठीवर काचेची इवली खिडकी. आतला प्रोग्राम चुकला की त्या खिडकीवर जांभळा दिवा वीस मिनिटं धरायचा, म्हणजे सगळं पुसलं जातं, आणि मग नवीन चूक लिहायला मोकळे.

या चिपचं काय करायचं हे माझं ठरलेलं नव्हतं. काहीतरी मोजायचं, एवढं नक्की. बाजारात फिरण्याचा वेग मोजणारं यंत्र, टॅकोमीटर, इतकं महाग होतं की आमच्या प्रयोगशाळेतही एकच होतं आणि ते साहेबांच्या कपाटात कुलपात. म्हणून टॅकोमीटर करायला घेतला. साबणाच्या डबीत चिप बसवली, वर चार लाल आकडे. रिकाम्या बॉलपेनच्या नळीत प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर घातला, त्याच्या शेजारी टॉर्चचा छोटा बल्ब. फिरत्या चाकावर पांढऱ्या रेघा ओढायच्या आणि पेन समोर धरायचं. रेघ समोरून गेली की उजेड उलटून नळीत येतो, चिप एक ठोका मोजते. चाकावर आठ रेघा काढल्या आणि बरोबर साडेसात सेकंद मोजलं, तर जितके ठोके तितकेच मिनिटाचे फेरे. गुणाकार नको, भागाकार नको. ही युक्ती मला सुचली तेव्हा मी बायकोला उठवून... खोटं कशाला बोलू, ती भाजी निवडत होती, तिला समोर बसवून दोनदा समजावली. ती म्हणाली, "साडेसातच का? साडेसाती आधीच संपली ना तुमची?"

प्रयोगशाळेच्या खिडकीशी, भर उजेडात, एका मोटरवर मी आकडे ताडून पाहिले. साहेबांचं कपाटातलं यंत्र आणि माझी साबणाची डबी यांच्यात दोन-तीन फेऱ्यांचाच फरक. त्या दिवसापासून माझा त्या डबीवर जेवढा विश्वास बसला, तेवढा कुठल्याच माणसावर नव्हता. अडचण एकच होती. मोजण्यासारखं घरात काही नव्हतं. यंत्र तयार होतं, गुन्हा सापडत नव्हता.

तो काकूंनी आणून दिला.

काकू म्हणजे आमच्या शेजारच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, सगळ्यांना 'अरे-तुरे' करणाऱ्या. आमचं लग्नही त्यांनीच जुळवलेलं. आमच्या भागात मराठी घरं थोडी, आणि त्यातल्या अकरा घरांची चकलीची भाजणी काकूंच्या कढईत भाजली जायची. घराघरातून तांदूळ, डाळी, धणे त्यांच्याकडे पोचायचे. त्या भाजून, चादरीवर पसरून, रात्रभर निववायच्या. मग डबा चक्कीवर. डबा नेणारा मी, कारण माझं घर वाटेत आणि माझे गुडघे शाबूत.

चक्कीवालाही ठरलेला. मंगला गौरीच्या पायऱ्यांकडे उतरणाऱ्या गल्लीत त्याचं अंधारं दुकान. दिवसभर गहूच गहू. पण भाजणी गव्हावर दळायची नाही, हे त्याच्या वडिलांना कुणा मराठी बाईनं कधीकाळी पढवलेलं आणि तो ते पाळायचा. आमचा डबा दिसला की चक्की थांबवायची, दगड झाडायचा, आधी आम्ही दिलेले मूठ-दोन मूठ तांदूळ दळून काढायचे आणि मगच भाजणी. बाकीचं गिऱ्हाईक ओरडायचं. तो म्हणायचा, "मराठी लोगन का हौ, इसमें गेहूँ नहीं लगता." सबंध बनारसमध्ये एवढं झंझट करणारा दुसरा चक्कीवाला आम्हाला माहीत नव्हता.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी पहिली भाजणी दळून आली, आणि तिला वास मारला. काकूंनी नमुन्याच्या चकल्या तळल्या. सोऱ्यातून तुकडे पडले. तळल्यावर कडक होण्याऐवजी त्या खिन्नपणे लवल्या. काकूंनी एक तोंडात टाकली आणि बाकीच्या ताटावर झाकण टाकलं. 

"भाजताना काही चुकलं का गं माझं?" त्या माझ्या बायकोला म्हणाल्या.

तीस वर्षं भाजणी भाजणाऱ्या बाईनं असं विचारावं, हे मला बघवलं नाही. मी म्हणालो, "काकू, तुमचं काही नाही. हे चक्कीचं काम आहे."

हे मी कशावरून म्हणालो? दळून आणताना मी पिठात हात घातला होता आणि पीठ चांगलं गरम होतं. चक्कीतून निघालेलं पीठ गरमच असतं, हे जगातल्या सगळ्या बायकांना माहीत आहे. पण मला त्या दिवशी तो शोध वाटला. मग एकेक गोष्ट जुळायला लागली. त्याच उन्हाळ्यात त्याची जुनी मोटर जळून नवी बसवलेली. दळण पूर्वीपेक्षा लवकर आटपतं. पट्टा आणि पुली पूर्वी उघडी असायची, आता त्यावर पोतं टाकलेलं. का टाकलं असेल? लपवण्यासारखं काही असल्याशिवाय माणूस पोतं टाकतो का? सुट्या भागांच्या एका दुकानदाराला मी सहज म्हणून विचारलं. तो म्हणाला, या आकाराचा दगड सहाशेच्या वर पळवला तर पीठ तापणारच. झालं! चक्कीवाल्यानं घाई करायला पुली बदलली, दगड पळवला, भाजणी जाळली. आणि फेरे मोजायचं यंत्र सबंध गल्लीत एका माणसाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी बिजली गेलेली पाहून मी दुकानात शिरलो. चक्कीवाला पान खायला गेला होता. पोतं उचललं, दगड फिरवणाऱ्या मोठ्या पुलीवर खडूनं आठ रेघा ओढल्या, पोतं जागच्या जागी.  वय चाळीस, आणि करतोय काय, तर खडू चोरून वापरतोय.

काकूंनी नव्यानं थोडी भाजणी भाजली होती, पडताळून पाहायला. ती घेऊन बिजली आल्यावर, चारच्या सुमारास गेलो. आत नेहमीसारखा अंधार, पुलीच्या बरोब्बर वर ट्यूबलाइट, हवेत पिठाचा धुरळा. चक्कीवाल्यानं आधी तांदूळ दळले, मग भाजणी ओतली. त्याची पाठ वळल्याबरोबर मी पोत्याची कड उचलली, झोळीतून पेन बाहेर काढून आत धरलं, साडेसात सेकंद मोजून डबीत डोकावलो. सातशे चव्वेचाळीस. पुन्हा मोजलं. सातशे त्रेचाळीस.

चक्की थांबायच्या आत मी यंत्र बंद करून झोळीत कोंबलं. ही माझी सावधगिरी. ती नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

पण त्यानं पाहिलं होतं. लाल आकडे अंधारात लपतात थोडेच? तो एकदम मऊ आवाजात म्हणाला, "चाय मँगाएँ, मास्टर साहब?"

इतक्या वर्षांत त्यानं मला कधी चहा विचारला नव्हता. मी मनात म्हटलं, सापडला.

चहा आला. मागोमाग पानही आलं. तो हळूच म्हणाला, "ई मशीन सरकारी हौ का?"

"नाहीं, अपना बनाया हुआ," मी म्हणालो.

"अच्छा, अच्छा," तो म्हणाला, आणि त्याचा माझ्यावर काडीचाही विश्वास बसलेला दिसला नाही. मी बिजली विभागाच्या वतीनं त्याचं मीटर तपासतोय, अशी त्याची खात्री पटली होती, हे मला फार पुढे कळलं. त्याचं मीटर अगदी चोख होतं. पण बिजली विभागाला घाबरायला मीटर खोटं असावं लागत नाही. तो घाबरून गोड बोलायचा आणि मी त्या गोडव्याची नोंद पुरावा म्हणून करायचो. पान मी खाल्लं. पुरावा असला तरी तोंडात विरघळणारं, मगही जातीचं पान होतं ते.

निघताना त्यानं नेहमीचं सांगितलं, "गरम आटा हौ, ढक्कन मत लगाइए." मी नेहमीसारखी मान हलवली आणि गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर झाकण घट्ट बसवलं. पंचगंगा घाटाच्या बाजूची वानरं त्या वर्षी कळपानं हिंडत. उघडा डबा खांद्यावर घेऊन त्या गल्लीतून चालणं म्हणजे त्यांना आमंत्रण. घरी येऊन पहिल्या खेपेसारखाच डबा टेबलाखाली सरकवला आणि आकड्यांचं गणित मांडत बसलो.

"काकूंचा डबा पोचवायचा नाही का?" बायको म्हणाली.

"उद्या देतो. पीठ कुठे पळून जातंय!"

दुसऱ्या दिवशी दुपारी डबा पोचला. पुन्हा वास. पुन्हा लवलेल्या चकल्या. मला दुःख झालं असं लिहायला हवं. खरं म्हणजे आनंद झाला. सिद्धान्त सिद्ध झाला होता. मी आणखी दोनदा, दुसऱ्याच कुणाच्या दळणाच्या वेळी, जाऊन मोजलं. दुपारी सातशे अठ्ठेचाळीस, संध्याकाळी सातशे अडतीस. आकडा असा ठाम, की दळण गव्हाचं असो, मक्याचं असो, हलायचं नाव नाही. एखाद्या शहाण्या माणसाला यातच शंका आली असती, कारण गहू ओतला की चक्की थोडी दबतेच. मला वाटलं, काय स्थिर यंत्र केलंय मी! संध्याकाळी आकडा उतरतो त्याचाही अर्थ मी लावला. संध्याकाळी गिऱ्हाईक जास्त, बघणारे डोळे जास्त, म्हणून तो तेव्हा वेग कमी ठेवतो. लबाड आणि वर हुशार!

दसऱ्याला सोनं द्यायला घरोघर गेलो. प्रत्येक घरी सोनं दिलं आणि सोबत चक्कीवाल्याची बातमी दिली. "सातशे चव्वेचाळीस," असं आवाज खाली आणून सांगायचो. सहाशेऐवजी सातशे म्हणजे किती वाईट, हे कुणालाच माहीत नव्हतं, पण आकडा ऐकून सगळे 'अरे बाप रे' म्हणायचे. आठवड्याभरात सहा घरांचं गव्हाचं दळण दुसरीकडे गेलं. चक्कीवाला आपल्या दुकानाच्या दारात उभा राहून, आपल्या दारावरून पुढे जाणारे डबे बघायचा. 

काकूंना हे कळलं तेव्हा त्या माझ्यावरच उखडल्या.

"त्याच्या तोंडावर बोललास?"

"नाही, पण पुरावा..."

"ज्याच्या पाठीमागे बोललास, त्याच्या तोंडावर बोल. तो माणूस लबाड असेल तर दिवाळीची भाजणी मी दुसरीकडे नेईन. नसेल तर त्याचं नाव खराब करून आपण दिवाळी कशी करायची? डबा उचल."

आम्ही निघालो. पुढे काकू, काठी टेकत. मागे मी, खांद्यावर भाजणीचा डबा, गळ्यात झोळी. वाटेत आणखी दोन घरच्या वहिनी सामील झाल्या. भर दुपारी आमची ही वरात चक्कीवर पोचली. चक्की सुरू होती. काकूंनी हातानंच खूण केली, दाखव.

मी पहिल्यांदाच राजरोस पोतं उचललं. आत पुली पांढरीफटक. खडूच्या रेघा कधीच उडून गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी, आणि बाकी सगळ्या जागीही, पिठाचा सारखा थर बसला होता. ते माझ्या डोळ्यांना दिसलं. डोक्यापर्यंत पोचलं नाही. मी पेन धरलं, थांबलो, आणि चक्कीच्या घरघरीवर ओरडलो, "सात सौ चवालीस!"

"का?" चक्कीवाला ओरडला.

"सात सौ चवालीस!"

त्याला ऐकू येईना. त्यानं हात लांब करून स्विच बंद केला. पट्टा फटफटला, दगड घरघरत, कण्हत शांत झाला. दुकानात एकदम शांतता पसरली आणि त्या शांततेत मी, वर्गात बोलतात तसा, म्हणालो, "आपकी चक्की सात सौ चवालीस पर चल रही है."

सगळ्यांनी साबणाच्या डबीकडे पाहिलं. ७४४. मग आकडा बदलला. ७४३. मग पुन्हा ७४४.

चक्कीवाल्यानं पुलीकडे पाहिलं. डबीकडे पाहिलं. मग सावकाश पुढे होऊन आपला पिठानं भरलेला तळहात थांबलेल्या पुलीवर ठेवला.

"हमार चक्की त बन्द हौ, मास्टर साहब," तो म्हणाला. "ई केकर घूमत हौ?"

"पुराना नंबर अटक गया होगा," मी म्हणालो, आणि बटण दाबून सगळं शून्य केलं. साडेसात सेकंद कुणी श्वास घेतला नाही. ७४४.

एक वहिनी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळल्या.

चक्कीवाल्यानं गमछा काढला आणि माझ्या पेनाच्या वर छत्रीसारखा धरला. डबीत शून्य. गमछा काढला, आकडा परत आला. काकूंनी काठीच्या टोकानं ट्यूबलाइटचा खटका बंद केला. शून्य. चालू केला. ७४३.

कळायचं ते मला त्याच क्षणी कळलं, आणि दुर्दैवानं सगळ्यात आधी मलाच कळलं. ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते. डोळ्यांना दिसत नाही, ट्रान्झिस्टरला दिसतं. शंभर गुणिले साडेसात, साडेसातशे. आमच्याकडच्या बिजलीचा ठोका जरा मंद, म्हणून चव्वेचाळीस. संध्याकाळी सगळ्या शहराचे दिवे लागले की आणखी मंद, म्हणून अडतीस. खिडकीशी, दिवसाउजेडी माझं यंत्र खरं बोललं होतं. इथे रेघाच नव्हत्या, तर त्यानं समोर जे दिसलं ते मोजलं. मी पुली पुसली, दिवा बंद ठेवला, नव्यानं रेघा ओढल्या, चक्की चालू करायला लावून मोजलं. पाचशे सत्तर. सहाशेच्याही खाली.

"पोतं कशाला टाकलंस मग?" मी हिंदीत विचारलं. शेवटचा प्रयत्न.

"पट्टे में गमछा फँसा था हमारा," तो म्हणाला. "गरदन बच गई."

काकू मात्र अजून भाजणीवरच होत्या. "फेरे ठीक असतील तर पिठाला वास का यायचा, भैया?"

त्यानं गमछा परत खांद्यावर टाकला. मग म्हणाला, "चाची, आटा आपके घर किस टाइम पहुँचता हौ?"

"दूसरे दिन. दोपहर को."

आता तिघी बायका आणि चक्कीवाला माझ्याकडे बघत होते. त्यानं आवाज चढवला नाही. "हम हर दफे बोले थे, ढक्कन मत लगाइए."

काकूंनी मी खाली ठेवलेला डबा पुढे ओढला, झाकण काढून उलटं केलं. आतल्या कडेला वाळलेल्या पिठाचं जाड कडं बसलेलं. वाफेचं पाणी होऊन थेंब पडले होते, त्यात पीठ भिजून चिकटलं होतं. काकूंनी नखानं एक खपली काढली, हुंगली आणि माझ्या नाकाशी धरली. तोच वास.

"वानरांच्या भीतीनं," मी म्हणालो.

"आणि घरी गेल्यावर? टेबलाखालीही वानरं होती?"

 चक्कीवाल्यानं दगड झाडायला घेतला होता.  आमच्याकडे पाठ करूनच तो म्हणाला, "भाजणी हम पीस देंगे, चाची. बाकी जिनके डब्बे दूसरी जगह जा रहे हैं, उनको कौन बताएगा?"

"हा," काकू माझ्याकडे काठी रोखून म्हणाल्या.

त्यानं दळलं. या वेळी पीठ परातीत, उघड्यावर, आणि वर एक वहिनी पंख्यानं वारा घालत बसलेल्या. मला हात लावू दिला नाही कुणी. दुसऱ्या सकाळी त्या भाजणीची चकली कढईत पडली आणि अशी फुलली, की काकूंनी ती माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "खा. आणि चप्पल घाल."

त्या दिवशी मी आमचं धरून अकराही दारांवर गेलो. यंत्रासकट. काकू शेजारी उभ्या, काठीवर दोन्ही हात. प्रत्येक दारी मी सांगायचो की चक्कीवाला सरळ आहे, चक्की मापात चालते, वास माझ्या झाकणाचा होता आणि मी मोजला तो दिवा होता. कुठे घरचे जरा निवळल्यासारखे वाटून मी ट्रान्झिस्टर वगैरे समजावायला लागलो, की काकू काठी आपटायच्या. "ते नको. 'मी चुकलो' कुठे आहे त्यात?" एका दारी, पौरोहित्य करणाऱ्या गुरुजींनी सगळं पुन्हा सांगायला लावलं, कारण त्यांच्या सूनबाई आत होत्या आणि त्यांनाही ऐकायचं होतं. एका दारी मुलांनी दिवा लावून-बंद करून यंत्राचा आकडा खालीवर करून पाहिला आणि त्यांना ते फार आवडलं. सहाही घरांनी उद्यापासून दळण जुन्या जागी पाठवतो म्हणून शब्द दिला.

शेवटच्या दारातून बाहेर पडलो तेव्हा माझा घसा बसला होता. काकू पायरीवर टेकल्या. मी झोळी खाली ठेवली आणि म्हणालो, "आता तरी झालं ना, काकू?"

"झालं कुठे?" काकू म्हणाल्या. "तुझ्या सासऱ्यांना पत्र लिहायचंय अजून. मुलाला डोकं आहे, असं मीच कळवलं होतं त्यांना."